आफ्रिकन व्हायोलेट: पानं भरघोस, फुलांचा पत्ता नाही. नाशिकमध्ये कुणाकडे फुलतंय?

नीलपर्णा

नमस्कार मंडळी,

मी इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहते. गच्ची सोसायटीची, आणि बाल्कनीत ऊन येतं ते दुपारी तीननंतरचं, भाजून काढणारं. गुलाब, मोगरा, शेवंती काही तग धरत नाही. म्हणून घरात फुलेल असं झाड शोधत होते. जानेवारीत एका नर्सरीत आफ्रिकन व्हायोलेट दिसली आणि तीन कुंड्या घेऊन आले. एक गर्द जांभळं, एक गुलाबी दुहेरी पाकळ्यांचं, आणि एक पांढरं, त्याच्या पाकळीला जांभळी किनार. आणली तेव्हा तिन्ही गच्च फुललेली होती. तो बहर होळीपर्यंत पुरला. आता ऑक्टोबर आला, मध्ये एक कळीसुद्धा नाही.

पानं मात्र छान आहेत. हिरवीगार, मखमली, कीड नाही. फक्त देठ लांब होत चाललेत आणि पानं वर उचलल्यासारखी दिसतात. तिन्ही कुंड्या हॉलमधल्या कोपऱ्यातल्या शेल्फवर आहेत, खिडकीपासून सात-आठ फूट आत. ही सावलीतली झाडं, असं नर्सरीवाल्यांनी सांगितलं होतं. पाणी बशीतून देते. फुलांसाठी म्हणून दुकानातून ०:५२:३४ हे खत मिळालं, ते पंधरा दिवसांतून एकदा देते. माती नर्सरीतलीच आहे, कोकोपीटसारखी.

घरात खिडक्या तीन दिशांना आहेत. स्वयंपाकघराची उत्तरेला, बेडरूमची पूर्वेला (समोर दुसरी इमारत आहे, ऊन आठनंतर येतं) आणि हॉलची पश्चिमेला. कुठे ठेवू? खत बदलू का? आणि मुळात नाशिकच्या उन्हाळ्यात हे झाड फुलतं का? ज्यांच्याकडे खरोखर फुलतंय त्यांनी जरूर लिहा. फोटो जोडलेत.

काचेआड

नीलपर्णाताई, उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे. देठ लांब झालेत आणि पानं वर उचलली आहेत. झाड उजेड शोधतंय.

‘सावलीतलं झाड’ हे नर्सरीत सगळ्यांना सांगतात आणि त्यामुळेच घरोघरी व्हायोलेट बिनफुलाची राहतात. थेट ऊन नको हे खरं. पण उजेड भरपूर हवा आणि तो रोज बारा तासांच्या आसपास हवा. आपल्या डोळ्यांना खोलीतला उजेड नीट कळत नाही, कारण डोळे अंधाराला सरावतात. मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं अ‍ॅप मिळतं, ते घ्या आणि सकाळी दहा वाजता शेल्फवर मोजा. माझा अंदाज, तिथे काही शे लक्स भरतील. हाच मोबाइल पूर्वेच्या खिडकीत धरा, आकडा हजारांत जाईल. फुलायला साधारण १० हजार लक्सच्या घरातला उजेड लागतो. अ‍ॅप नको असेल तर कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. कडा पुसट असलेली सावली पडली तर जागा बरोबर. काळी, रेखीव सावली पडली तर ऊन जास्त आहे. सावलीच दिसली नाही तर तिथे पानं येतील, फुलं नाही.

तुमच्यासाठी बेडरूमची पूर्वेची खिडकी उत्तम. आठ ते दहा-साडेदहाचं कोवळं ऊन नेटच्या पडद्यातून आलं तर चालतं, एरवी दिवसभर नुसता उजेड. काचेपासून फूटभराच्या आत ठेवा. एकदम मात्र हलवू नका. आठ-नऊ महिने अंधारात राहिलेली पानं आहेत, पहिला आठवडा खिडकीपासून चार फुटांवर, मग हळूहळू पुढे. कुंडी दर आठवड्याला पाव फेरी फिरवा म्हणजे झाड एका बाजूला कलणार नाही.

उत्तरेच्या खिडकीबद्दल एक गोष्ट नाशिककरांनी लक्षात ठेवावी. परदेशी माहितीत उत्तरेच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही असं लिहिलेलं असतं. आपलं गाव २० अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य भर दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीत येतं. वर छज्जा असला तर दुपारचं अडतं, सकाळ-संध्याकाळचं अडत नाही. त्या दिवसांत तिथे पडदा हवाच. थंडीत उलटं होतं, सूर्य दक्षिणेला झुकतो आणि उत्तरेची खिडकी फुलांसाठी कमी पडते. पश्चिमेची खिडकी व्हायोलेटसाठी विसरून जा.

निफाडचा_बागायतदार

काचेआड यांना पूर्ण अनुमोदन. मी खताचं बोलतो, कारण ०:५२:३४ आमच्या रोजच्या कामातलं आहे.

ताई, या खतात स्फुरद ५२ टक्के, पालाश ३४ टक्के आणि नत्र शून्य. द्राक्षाला आम्ही ते ठरावीक अवस्थेतच देतो, बाकीची खतं चालूच असतात. तुमचं झाड कित्येक महिने नुसत्या स्फुरद-पालाशवर आहे. त्याने फूल येत नाही, उलट क्षार साठतात. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरट-पिवळी साय आलीय का बघा.

द्राक्षातलं एक सांगतो, म्हणजे उजेडाचं महत्त्व पटेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ज्या काड्या येतात त्यांच्या डोळ्यांतच पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. त्या वेळी कॅनॉपी (वेलीवरचा पानांचा पसारा) दाट झाली आणि काडीवर ऊन पडलं नाही, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वांझ फुटी निघतात. मग टाकीत काहीही कालवा, घड येत नाही. झाडाला फूल धरायचं असेल तर आधी उजेडातून अन्न तयार व्हावं लागतं, खत त्याच्या मागून.

आई घरी व्हायोलेट ठेवते. तिला मी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) देतो, चार लिटर पाण्यात एक ग्रॅम. बागेत फवारायचं प्रमाण याच्या कितीतरी पट असतं, ते बघून जास्त टाकू नका. महिन्यात तीन वेळा खताचं पाणी आणि चौथ्या वेळी साधं पाणी वरून भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत. साठलेले क्षार त्याने धुऊन जातात. कृषी सेवा केंद्रात किलोची पिशवी मिळते, कुंड्यांना ती वर्षानुवर्षं पुरेल, तेव्हा चार जणांत वाटून घ्या. ओल धरते म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

एक जाणकार मित्र म्हणतो, १९:१९:१९ मध्ये बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि व्हायोलेटच्या नाजूक मुळांना तो मानवत नाही. म्हणून प्रमाण कमीच ठेवायचं. आणि कुणी जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संजीवक) वगैरे सुचवलं तर हात लावू नका. आम्ही ते मणी लांबवायला, घड मोकळा करायला वापरतो. इथे देठ आणखी लांबतील.

सध्या गोडी छाटणीची, म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीची, धावपळ आहे, उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.

स्वयंपाकघरवाली

केळ्याच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं यांचा उपयोग होतो का? माझ्या जास्वंदीला मी हेच घालते, मस्त फुलते.

काचेआड

जास्वंद मोठ्या कुंडीत, उन्हात, जिवंत मातीत असते, तिथे हे कुजतं आणि झाडाला मिळतं. व्हायोलेटची कुंडी चार इंचांची आणि आत कोकोपीट. त्यात चोथा कुजला की बुरशी आणि चिलटं होतात. इथे नको.

पंचवटीकर

मी पाण्यावर लिहितो. आमच्याकडे नळाचं आणि बोअरचं, दोन्ही पाणी आहे. महापालिकेचं पाणी गंगापूर धरणातून येतं, ते व्हायोलेटला चालतं. बादलीत रात्रभर उघडं ठेवून सकाळी वापरतो. बोअरच्या पाण्यावर मात्र पानं हळूहळू फिकी पडली, गाभ्यातली नवी पानं आखडली आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर धरला. कोकोपीटचा सामू (पीएच) ६ ते ६.५ च्या आसपास असावा लागतो, जड पाण्याने तो वर सरकत जातो आणि झाडाला लोह वगैरे उचलता येत नाही. सोसायटीत दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळत असेल तर पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी घ्या. पावसाळ्यात पागोळीचं धरून ठेवलं तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी कुंडीत घालायची अनेकांना सवय असते. त्यात क्षार गोळा झालेले असतात, ते फरशी पुसायलाच वापरा.

थंडीतली दुसरी गोष्ट. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी बर्फासारखं असतं. ते पानावर पडलं की पिवळट-पांढरे गोल डाग उठतात. लोक बुरशी समजून औषध मारत बसतात. तो रोग नाही, थंड पाण्याने पानातलं हरितद्रव्य मरतं आणि ते डाग पुन्हा भरून येत नाहीत. कोमट पाणी वापरा, हाताला गारही लागू नये आणि गरमही.

नीलपर्णा

सगळ्यांचे खूप आभार. लक्स मोजले. शेल्फवर ३५०, बेडरूमच्या खिडकीत पडद्याआड ९ हजारांवर. इतका फरक असेल असं डोळ्यांना अजिबात वाटलं नव्हतं! कुंड्या हलवायला सुरुवात केली आहे.

आणखी दोन प्रश्न. गुलाबी झाडाला मध्ये एकाऐवजी तीन-चार गाभे दिसतायत, फोटो टाकते. आणि जांभळ्याचं खोड खालून उघडं पडलंय, झाड कुंडीत डुगडुगतं. मोठ्या कुंडीत लावू का?

मृद्गंध_सिडको

मोठी कुंडी मुळीच नको, ताई. हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हायोलेटची मुळं बारीक, उथळ. पानांचा घेर जेवढा, त्याच्या एक तृतीयांश कुंडी. नऊ इंच घेर असेल तर तीन इंचांची, बारा असेल तर चारची. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथलं कोकोपीट ओलंच राहतं, आणि झाड कुंडी भरायच्या मागे लागतं, फुलायचं लांबतं.

मिश्रण म्हणाल तर कोकोपीट, परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट (दोन्ही मिश्रण हलकं ठेवणारे खनिजाचे दाणे) सारखे भाग. बागेची काळी माती चमचाभरही नको, ती घट्ट बसते. कोकोपीटची वीट आणली की बादलीत भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुवा, त्यात मीठ असतं. पिळून मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच मोडावा, इतपत ओल हवी.

आता जांभळ्या झाडाचं. व्हायोलेटची खालची पानं जसजशी गळतात तसं खोड उघडं पडत जातं, त्याला मान म्हणतात. हे दोष नाही, वयाने होतंच. झाड कुंडीतून काढा. खालची जुनी, लहान पानं देठापासून आडवी मोडून घ्या, ती कट्कन निघतात. वर दहा-बारा चांगली पानं राहिली तरी पुरे. उघड्या मानेवर तपकिरी, खरखरीत साल असते. बोथट सुरीने ती हलके खरवडा, खालचा हिरवट भाग दिसेपर्यंतच. नवी मुळं तिथून फुटतात. मान जेवढी लांब, तेवढा मुळांचा गोळा खालून कापायचा. इथे हात थरथरतो, पण कापावाच लागतो. मग त्याच मापाच्या कुंडीत झाड खाली बसवायचं, सर्वांत खालची पानं काठाला टेकतील इतकं. भोवतीने मिश्रण सोडा, दाबू नका, कुंडी दोनदा हलके आपटली की बसतं. चमच्याने थोडं पाणी द्या आणि कुंडी पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधा. पंधरवडाभर उजेडात ठेवा, उन्हात नाही. पिशवीतून काढताना रोज थोडा वेळ उघडी ठेवत काढा. या सगळ्या काळात खत नाही.

गुलाबीला दिसतायत ते फुटवे आहेत. ते चार पानांचे होईपर्यंत कळत नाहीत, कारण पानांच्या बेचक्यात दडलेले असतात. ताकद वाटली जाते, आकार बिघडतो आणि फूल मागे पडतं. लाकडी टूथपिकने किंवा टोक न काढलेल्या पेन्सिलीने बाजूला ढकलून मुळासकट उपटा. मधला एकच गाभा ठेवा. निघालेल्या फुटव्यांना तीन-चार पानं असतील तर वेगळे लावा, नवी झाडं होतील.

देवळाली_कॅम्प

मातीच्या कुंडीला इथे कुणीच मत दिलेलं नाही. आमच्याकडे सगळी व्हायोलेट मातीच्या कुंडीत आहेत आणि गाभा कुजल्याचं एकही उदाहरण नाही. प्लॅस्टिकमध्ये पाणी साठतं, हात जड असलेल्यांनी मातीचीच घ्यावी.

काचेआड

हात जड असेल तर मुद्दा रास्त आहे. पण मातीच्या कुंडीच्या काठात क्षार मुरतात आणि त्यावर टेकलेला देठ तिथेच जळून सडतो. तुमच्या पानांचे देठ काठावर बघा, तपकिरी वळ आहेत का. असतील तर काठाला मेण लावा. शिवाय मार्च ते मे नाशिकची हवा इतकी कोरडी असते की मातीची छोटी कुंडी दिवसात सुकते. देवळालीला घरात गारवा असेल तर जमत असेल, शहरातल्या फ्लॅटमध्ये मी प्लॅस्टिकच सुचवेन.

देवळाली_कॅम्प

देठ बघितले. दोन कुंड्यांवर वळ आहेत. मेण लावून बघते. पण कुंडी मातीचीच ठेवणार!

रात्रपाळी_अंबड

माझी शिफ्ट ड्युटी आहे, पाणी वेळेवर होत नाही. मी वातीवर ठेवतो, नवशिक्यांना तेच सांगेन. नायलॉनची बारीक दोरी किंवा अ‍ॅक्रेलिक लोकर कुंडीच्या भोकातून वर मातीत फिरवायची, दुसरं टोक खाली झाकण लावलेल्या डब्यात. सुती वात नको, ती कुजते. कुंडीचा तळ पाण्याला लागता कामा नये. यासाठी मिश्रणात निम्मं परलाइट हवं, नाहीतर सतत चिखल. आठवडाभर बघावं लागत नाही. खत घालायचं तर आणखी पातळ, आठ लिटरला एक ग्रॅम.

आणि घरात उजेडच नाही अशांसाठी: पुस्तकांच्या शेल्फच्या वरच्या फळीला २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब लावल्यात, पानांपासून साधारण फूटभर उंचीवर. टायमर सकाळी सहाला लावतो, संध्याकाळी सहा-सातला बंद. महागडे जांभळे ग्रो लाइट घ्यायची गरज नाही. मात्र चोवीस तास चालू ठेवू नका, कळ्या धरायला रात्रीचा आठ तासांचा अंधार लागतो. पानं गाभ्यात घट्ट आवळून खाली वळायला लागली तर ट्यूब फार जवळ आहे, वर घ्या.

रानफुलं_बघणारा

एक भर घालतो, त्याने वरचे सगळे सल्ले एका जागी बसतात. हे झाड मूळचं टांझानिया-केनियाच्या डोंगरांतलं. १८९२ मध्ये वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्याला ते उसांबरा डोंगरांच्या भागात दिसलं. त्याने घरी पाठवलेल्या बियांवरून हॅनोवरच्या हेरेनहाउझेन बागेतल्या हेर्मान वेंडलांड यांनी १८९३ मध्ये त्याला सेंटपॉलिया हे नाव दिलं. २०१५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो गट स्ट्रेप्टोकार्पसमध्ये विलीन केला. युरोपातल्या खऱ्या व्हायोलेटशी याचं नातं नाही.

तिथे ही झाडं दाट जंगलात, कातळाच्या फटीत, मूठभर पालापाचोळ्यात वाढतात. म्हणून लहान कुंडी आणि हलकं मिश्रण. वरून पानांतून गाळलेला उजेड, म्हणून पडदा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला फक्त पाचेक अंशांवरची जागा, त्यामुळे दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास, आणि हवा दमट. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांवर येतो आणि घरातला उजेड त्याहून कमी.

याच कुळातलं ऱ्हिंकोग्लॉसम सह्याद्रीतल्या ओल्या, सावलीतल्या कातळांवर पावसाळ्यात निळं फुलतं. कुठे दिसलं तर उपटू नका, पण ते कशावर, कोणत्या उजेडात उभं आहे ते नक्की बघा. व्हायोलेटची कुंडी कशी असावी ते लगेच कळेल.

मांजरप्रेमी

घरात दोन मांजरं आहेत, पानं चावतात. विषारी आहे का?

काचेआड

नाही. मांजर-कुत्र्यांसाठी बिनविषारी झाडांत याची गणना होते. झाडाचं मात्र नुकसान होईल, उंचावर ठेवा.

नीलपर्णाताई, तुमचा हवामानाचा प्रश्न राहिला होता. व्हायोलेटला सुख वाटतं ते १८ ते २६ अंशांत. नाशिकमध्ये वर्षातले बरेच महिने घरात हे सहज मिळतं, आपलं गाव याबाबतीत भाग्यवान आहे. आत्तापासून मार्चपर्यंत तुमचा फुलांचा खरा हंगाम.

डिसेंबर-जानेवारीत बाहेर पारा दहाच्या खाली जातो. घरात इतकं होत नाही, पण खिडकीच्या काचेला लागून रात्री चांगलंच गार असतं. पंधराच्या खाली गेलं की वाढ थांबते, पानं कडेने खाली वळतात. रात्री कुंडी आत घ्या किंवा काच आणि झाड यांच्यात जाड पडदा येऊ द्या. याच दिवसांत भुरी (पांढऱ्या पुडीसारखी बुरशी) येते, दिवसा ऊब आणि रात्री गार अशा हवेत. निफाडकर भुरी चांगलीच ओळखतात. झाडं एकमेकांना चिकटवून ठेवू नका, हवा खेळती ठेवा आणि भुरी लागलेली फुलं लगेच खुडा.

एप्रिल-मे हा तगून राहण्याचा काळ. बाहेर ३८-४० अंश असताना कळ्या आल्या तरी सुकतात. तेव्हा फुलांची अपेक्षा ठेवू नका, आलेल्या कळ्या खुडून टाका, खत बंद करा आणि घरातल्या सर्वांत गार, उजेडाच्या खोलीत ठेवा. कूलर असेल तर त्या खोलीत झाड खुश राहतं, दमटपणा मिळतो. फक्त वाऱ्याचा झोत अंगावर नको. कूलर नसेल तर ताटात खडे आणि पाणी घालून त्यावर कुंडी ठेवा, कुंडीचा तळ पाण्याच्या वर राहील असा. पानांवर पाणी फवारत बसू नका.

पावसाळ्यात उजेड कमी आणि ओल जास्त, गाभा कुजण्याची भीती तेव्हाच. पान मऊ पडलंय म्हणून लोक आणखी पाणी घालतात. आधी बोट लावून बघा. माती कोरडी असेल तर तहान आहे. ओली असून पान लुळं असेल तर मुळं सडली आहेत, आता एक चांगलं पान काढून ते जगवा. बशीतून पाणी देताना अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका, हे वर्षभर.

उजेडात हलवल्यावर कळ्या दिसायला दीड-दोन महिने धरा. पानाच्या देठाजवळ, आतल्या बाजूला, बारीक केसाळ वाकडी टाचणी दिसेल, ती कळीची दांडी. ती दिसली की कुंडीची जागा बदलू नका.

नीलपर्णा

गाभ्यात एक-दोन ठिकाणी कापसासारखं पांढरं दिसलंय, आत्ताच लक्षात आलं.

निफाडचा_बागायतदार

पिठ्या ढेकूण, ही कीड आहे. ती कुंडी आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा, दर तीन-चार दिवसांनी, नवी पिल्लं निघायची थांबेपर्यंत. कुंडीतून काढून मुळंही तपासा. मुळांवर तांदळाच्या कणीसारखं पांढरं दिसलं तर सगळं मिश्रण फेकून मुळं धुऊन नव्यात लावा. निंबोळी तेल फवारायचं तर संध्याकाळी आणि आधी एका पानावर, या केसाळ पानांवर तेलाचे डाग राहतात.

गाभ्यातली पानं राखाडी, खुरटी, खूप केसाळ आणि आवळलेली दिसायला लागली तर तो कोळी, म्हणजे माइट ही सूक्ष्म कीड. डोळ्यांना दिसत नाही. ते झाड पिशवीत बांधून टाकून द्या, वाचवायच्या नादात बाकीची जातात.

जेलरोडची_सई

मला किनारवाल्या पांढऱ्याचं एक पान मिळेल का? बदल्यात निळं साधं देईन. पानापासून तसंच फूल येतं का?

मृद्गंध_सिडको

किनारवाली पानापासून बहुतेक तशीच येतात, कधीमधी एकरंगी निघतं. पाकळीच्या मधोमध पट्टा असलेली, भिंगरीसारखी दिसणारी जी जात असते, तिला कायमेरा म्हणतात. ती पानापासून तशी येत नाही, फुटव्यापासूनच करावी लागते. कुणी कायमेराचं पान विकत असेल तर घेऊ नका.

पान घेताना सर्वांत बाहेरचं जुनं नको आणि गाभ्यातलं कोवळंही नको, मधल्या ओळीतलं घ्या. देठ बोटाच्या एका पेराएवढा ठेवून धारदार ब्लेडने तिरका काप द्या. ओल्या परलाइट-कोकोपीटमध्ये देठ टोचा, वर पारदर्शक डबा उपडा घाला. महिन्याभरात मुळं, दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी पिल्लं. फुलायला लावल्यापासून वर्षाच्या आत-बाहेर. दिवाळीआधी लावलंत तर थंडीचा कडाका सुरू व्हायच्या आत मुळं धरतील.

नीलपर्णा

सई, पिठ्या ढेकूण गुलाबीवर आहे, पांढऱ्यावर अजून दिसलेला नाही. तरी आत्ता पान देत नाही. महिनाभर नजर ठेवते, स्वच्छ राहिलं तर ओल्या टिश्यूत गुंडाळून पिशवीत घालून देईन. तुमच्याकडचं पानही पहिले काही आठवडे इतर कुंड्यांपासून वेगळं ठेवेन.

जेलरोडची_सई

चालेल, हेच बरोबर. पान नेताना डब्यात आडवं ठेवा, पिशवीत देठ मोडतो.